पाणी किती वाव, आणि ते कुणाला सांगायचं?

सिंधुदुर्गातल्या एका किनारी गावात भूगोल शिकवणाऱ्या प्राध्यापकांचं हे पत्र आहे. त्यांच्याकडे एक मुलगी पीएच.डी. करते. खाडीच्या तोंडाशी साचणारा गाळ आणि दरवर्षी जागा बदलणारा वाळूचा पट्टा हा तिचा विषय. दिवाळीनंतर एका ओहोटीला ती किनाऱ्यावरून ड्रोन उडवत होती, तेव्हा कुणीतरी पोलिसांना कळवलं. तिला आणि सोबतच्या दोन मुलांना ठाण्यावर नेलं. तिला आणि एका मुलाला दोन तासांत सोडलं. दुसरा मुलगा होडीवाल्याचा, मुसलमान. त्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, त्याचा मोबाइल तपासला. गुन्हा कुणावरच नोंदवला नाही. दुसऱ्या दिवशी प्राचार्य म्हणाले, 'हे इथेच थांबवा.' प्राध्यापकांनी मुलीला विषय बदलायला सांगितलं: 'उपग्रहाची चित्रं घे आणि घरी बसून काम कर.' याच सुमारास ब्रिटनमधल्या एका प्राध्यापकांनी तिच्या खोलीच्या मोजमापांची मूळ फाइल मागितली आणि सहा महिन्यांसाठी तिला तिकडे बोलावण्याची तयारी दाखवली. 'फाइल पाठवून टाकावी, तेवढं तरी तिचं भलं होईल,' असं सरांना वाटतं. मुलगी आता त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. ते विचारतात: 'देशाच्या सुरक्षेचा प्रश्न होता, मी तिच्या काळजीपोटी सांगितलं. माझं चुकलं का?'

सर,

तुमच्या पत्रातल्या एका ओळीपाशी मी अडकलो. 'कार्यालयातल्या शिपायाबरोबर तिघांच्या आयकार्डांच्या झेरॉक्स ठाण्यावर पाठवल्या.' ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे. बाकी मजकूर सगळा देशाची सुरक्षा, महाविद्यालयाचं नाव आणि मुलीचं भवितव्य यांवर आहे. मला तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या ओळीत दिसतं. तिच्याकडे येतोच. आधी तुमच्या भीतीबद्दल बोलू, कारण ती मला परकी नाही.

मी भूगर्भशास्त्र शिकलो ते ऐंशीच्या दशकात. आमच्या विभागात एक हिरवं लोखंडी कपाट होतं, त्याला दोन कुलपं. आत टोपोशीट, म्हणजे सरकारी सर्वेक्षण खात्याचे नकाशे. त्या काळी सरहद्दीलगतच्या आणि समुद्रकिनाऱ्यालगतच्या साधारण ८० किलोमीटरच्या पट्ट्याचे तपशीलवार नकाशे 'प्रतिबंधित' असत. आता आपलं कोकण डोळ्यांसमोर आणा. समुद्रापासून घाट कुठे चाळीस किलोमीटर, कुठे साठ. अख्खं कोकणच त्या पट्ट्यात बसलं! घाटावरच्या मित्राला त्याच्या गावाचा नकाशा टेबलावर पसरून बघता येई. मला माझ्या गावाचा बघायचा तर रजिस्टरात सही, घेतल्याची वेळ, परत केल्याची वेळ, पुन्हा सही. एकदा घडीवर कागद किंचित फाटला तर मला लेखी खुलासा द्यावा लागला. तीन ओळींचा खुलासा, पण मी तो रात्रभर लिहीत बसलो. त्या नकाशात आमच्या शेजारच्या वाडीचं नाव चुकीचं छापलं होतं. ते मी कुणालाच सांगितलं नाही. म्हटलं, मला कसं कळलं असं विचारतील.

ते दिवस गेले. २००५ साली राष्ट्रीय नकाशा धोरण आलं, सैन्याचे नकाशे वेगळे झाले आणि लोकांसाठी खुली मालिका निघाली. कपाटाचं कुलूप मात्र पुष्कळ शिक्षकांच्या मनात राहिलं. तुमचं पत्र वाचताना मला ते हिरवं कपाट दिसत होतं.

आणि आपल्या किनाऱ्यावरचा संशय हवेतून आलेला नाही, हेही तुमच्या बाजूने म्हणतो. १९९३ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या बॉम्बस्फोटांचं आरडीएक्स उतरलं ते रायगडच्या शेखाडीला. २००८ साली कसाब आणि त्याचे साथीदार समुद्रातून आले. त्यानंतर होड्यांना रंग ठरले, खलाशांना ओळखपत्रं आली, सागरी पोलीस ठाणी वाढली, किनाऱ्याच्या सुरक्षेसाठी 'सागर कवच'च्या कवायती सुरू झाल्या. किनाऱ्यावर अनोळखी यंत्र दिसलं की गावकऱ्याने फोन करावा, हे गेली पंधरा-सतरा वर्षं आपणच त्याला शिकवलं. त्या दिवशी ज्याने फोन केला त्याच्यावर मी रागावणार नाही. पण शेखाडीच्या प्रकरणातलं एक आपण पटकन विसरतो. त्या खटल्यात कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरले. माल उतरला तो कुणी प्रश्न विचारणारा किनाऱ्यावर नव्हता म्हणून नाही. ज्यांनी विचारायचं त्यांतल्या काहींनी पैसे घेतले होते. गाळ मोजणारी एक मुलगी घरी बसली की किनारा सुरक्षित झाला, असा हिशोब त्यातून निघत नाही.

आता तुमच्या 'देशाच्या सुरक्षेचा प्रश्न' या शब्दांकडे. सर, नेमका कशाचा प्रश्न? तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत भरल्या आहेत. ड्रोन उडवणं ही एक. पाण्याची खोली मोजणं ही दुसरी. मोजलेली फाइल देशाबाहेर पाठवणं ही तिसरी. पहिल्या दोघींना तुम्ही घाबरलात आणि तिसरीला 'तेवढं तरी भलं होईल' म्हणून सोडून दिलंत. कायद्याच्या दृष्टीने पाहिलं तर गणित जवळजवळ उलटं आहे.

खोलीपासून सुरू करतो. तिने फिश फाइंडर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी खोली दाखवणारं यंत्र, बांबूला बांधून होडीच्या कडेला लावला आणि भरती-ओहोटीच्या वेळा धरून खाडीच्या तोंडाशी आडव्या-उभ्या फेऱ्या मारल्या, असं तुम्ही लिहिलंय. फार छान. त्या होडीच्या तांडेलाचं, म्हणजे मुख्य नावाड्याचं, वाक्यही तुम्ही दिलंय: 'गेल्या वर्साक हय तीन वाव पाणी होता, आता दीड पण नाय.' (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट.) म्हणजे खोली गावातल्या प्रत्येक तांडेलाला पाठ आहे. बंदरांच्या आणि किनाऱ्याच्या खोलीचे नकाशे आपल्या नौदलाचं डेहराडूनचं जलसर्वेक्षण कार्यालय छापतं आणि विकतं. खोली हे मुळात गुपित नव्हे. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने भूस्थानिक माहितीची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत स्पष्ट आहे की भारतीय नागरिकाला किंवा संस्थेला नकाशे बनवायला, मोजमापं घ्यायला आगाऊ परवानगी किंवा सुरक्षा मंजुरी लागत नाही. आपल्या सागरी हद्दीत सर्वेक्षण फक्त भारतीयांनीच करायचं, असंही तिथेच म्हटलंय. तुमची विद्यार्थिनी नेमकी तीच आहे, जिला हे करायचा हक्क आहे.

ड्रोनचं तसं नाही. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की तो 'तिच्या मामाने दोन वर्षांपूर्वी दुबईहून आणलेला' आहे. सर, परदेशी बनावटीचे तयार ड्रोन देशात आणायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधनासाठी सवलत आहे, पण ती परवानगी काढून, मामाच्या बॅगेतून नव्हे. शिवाय त्यावर नोंदणी क्रमांक नाही, असा माझा अंदाज आहे, कारण तुम्ही तो कुठेच दिलेला नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे तो लागतो. आणि चिपीचा विमानतळ ऑक्टोबर २०२१ पासून चालू झालाय. विमानतळाच्या कुंपणापासून १२ किलोमीटरपर्यंत आकाशाचे नियम बदलतात, कुठे अजिबात मनाई, कुठे उंचीची मर्यादा. सरकारच्या 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरच्या नकाशात हिरवा (मोकळा), पिवळा (परवानगीने), लाल (एरवी मनाई) असे रंगच दिलेले आहेत. तुमची खाडी कुठल्या रंगात येते ते तुम्ही पाहिलंत का? त्या दिवशी ठाण्यावर खरी विचारण्याजोगी गोष्ट ड्रोनच होती. तो तासाभरात परत दिला आणि एका मुलाचं नाव ऐकून त्याला संध्याकाळपर्यंत बसवलं. यावरून आपण घाबरून काय बघतो आणि काय बघायचं राहतं ते कळतं.

तो ड्रोन तूर्त कपाटात ठेवा. मामालाही आणि मुलीलाही बोल लावू नका, आपल्याकडे निम्म्या घरांत आखातातून आलेलं काही ना काही आहे. पुढचं काम देशात बनलेल्या, नोंदणी झालेल्या ड्रोनवर करा. महाविद्यालयाच्या नावावर एक घेता आला तर उत्तम. दोन किलोपर्यंतच्या ड्रोनला व्यावसायिक नसलेल्या कामासाठी वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि वाळूचा पट्टा टिपायला तेवढा ड्रोन पुरतो. नाहीतर रीतसर कागद असलेल्या व्यावसायिकाकडून दोन ओहोट्यांचं काम करून घ्या. लग्नाच्या शूटिंगवाल्याला मात्र बोलावू नका, त्याच्याकडचे कागद आधी बघा.

आता ती फाइल. २०२१ च्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांत बारकाव्याच्या मर्यादा दिल्या आहेत. जमिनीवर आडव्या मापात १ मीटर, उंचीत ३ मीटर. सागरी हद्दीत खोलीसाठी किनाऱ्यापासून ५०० मीटरपर्यंत १० मीटर, त्यापुढे १०० मीटर. यापेक्षा बारीक माहिती फक्त भारतीयांनीच तयार करायची आणि बाळगायची, आणि तिची साठवण व प्रक्रिया भारतातच व्हायला हवी. तुमच्या मुलीचा फिश फाइंडर दहा मीटर सोडा, वीतभर फरकही दाखवतो. ड्रोनच्या चित्रांवरून ती जो उंच-सखल नकाशा बनवते तो काही सेंटिमीटरपर्यंत जातो. म्हणजे मूळ फाइल उचलून ब्रिटनला ईमेल करणं, किंवा बाहेरच्या सर्व्हरवर ठेवून 'लिंक घ्या' म्हणणं, हे ज्यात खरोखर अडकायला होईल असं काम आहे. खाडीच्या आतलं पाणी आणि हद्दीतला समुद्र यांत रेषा कुठे ओढायची, ही शंका राहते. ती विद्यापीठाच्या संशोधन विभागाला लेखी विचारा आणि लेखी उत्तर येईपर्यंत मूळ फाइल इथेच ठेवा.

याचा अर्थ ब्रिटनच्या प्राध्यापकांना दार लावा असा नाही. त्यांना गाळ कसा सरकतो ते समजून घ्यायचंय, त्याला मूळ आकडे तिकडे न्यायची गरज असतेच असं नाही. त्यांनी त्यांची पद्धत, त्यांचा प्रोग्रॅम इकडे पाठवावा. मुलीने तो इथल्या संगणकावर चालवावा आणि निष्कर्ष, आलेख, बदलाची टक्केवारी त्यांना द्यावी. लेखावर दोघांचं नाव. हे करायला विद्यापीठामार्फत दोन पानांचा करार पुरेल, मूळ माहिती कुणाची आणि कुठे राहील एवढं त्यात असू द्या. खऱ्या संशोधकाला यात अपमान वाटत नाही. वाटलाच, किंवा 'आधी जेट्टीचे फोटो पाठवा' असं काही निराळं मागणं आलं, तर ते प्राध्यापक खरंच त्या विद्यापीठात आहेत का, ते त्या विद्यापीठाच्या पत्त्यावरून लिहितात का, हे बघा. पुण्यात २०२३ मध्ये डीआरडीओच्या एका वरिष्ठ शास्त्रज्ञाला अटक झाली, ती समाजमाध्यमावरच्या एका ओळखीतून गुप्त माहिती दिल्याच्या आरोपावरून. इतकी मोठी माणसं अडकतात असं म्हणतात, तर विशीतल्या मुलीला सावध राहायला सांगण्यात काही चूक नाही. पण ते सांगणं 'विषय बदल' यापेक्षा वेगळं आहे.

ती तिकडे गेली तर तिकडेही तिची चाळणी होईल, हे तिला आत्ताच सांगून ठेवा. ब्रिटनमध्ये काही विषयांसाठी परदेशी विद्यार्थ्याला आधी सुरक्षा-प्रमाणपत्र काढावं लागतं, ही पद्धत २००७ पासून आहे आणि २०२१ पासून संशोधकांनाही लागू आहे. अमेरिकी, जपानी माणसाला त्यातून सूट, आपल्याला नाही. तिचा विषय त्या यादीत बसतो की नाही हे बोलावणाऱ्या विद्यापीठाने सांगायचं असतं, तेव्हा पहिल्याच ईमेलमध्ये विचारा, नाहीतर वर्ष वाया जातं. अमेरिकेने तर जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी समाजमाध्यमांवरची खाती सगळ्यांना दिसतील अशी उघडी ठेवायला सांगितलंय. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले रसायनशास्त्रज्ञ गोवर्धन मेहता यांना २००६ साली अमेरिकेचा व्हिसा आधी नाकारला होता, नंतर बोभाटा झाला तेव्हा मिळाला. मोठमोठ्यांना हे भोगावं लागलंय. मुलीने ते मनाला लावून घेऊ नये, पण कागद आधी जमवावेत.

आता 'उपग्रहाची चित्रं घेऊन घरी बस' या पर्यायाबद्दल. पर्याय म्हणून तो वाईट नाही. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, १० मीटर बारकाव्याची, दर पाचेक दिवसांनी एक. पट्टा वीस-तीस मीटर सरकला तर कळेल. पण सर, भूगोल तुम्हीच शिकवता. पट्टा हलतो कधी? जून ते सप्टेंबर, लाटा जोरात असताना, खाडीला पूर असताना. आणि तेव्हा वरून दिसतो तो ढगांचा गालिचा. गढूळ पाण्याखालचा गाळ तर बाराही महिने दिसत नाही. उपग्रह तिच्या कामाला जोड म्हणून घ्या, बदली म्हणून दिलात तर प्रबंध पोकळ होईल आणि तोंडी परीक्षेत पहिलाच प्रश्न येईल, 'प्रत्यक्ष मोजमाप कुठे आहे?' तेव्हा उत्तर तिला द्यावं लागेल, प्राचार्यांना नाही.

प्राचार्यांचं मला नवल वाटत नाही. जानेवारी २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने एक पत्रक काढलं होतं. ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची आणि विषय देशाच्या सुरक्षेचा, सीमेचा किंवा देशाच्या अंतर्गत बाबींचा असेल, तर आधी मंजुरी घ्या. 'अंतर्गत बाबी' यात काय येत नाही? देशातल्या विज्ञान अकादमींनी हरकत घेतली आणि ते फेब्रुवारीतच मागे घेतलं. आता माझा अनुभव. त्यानंतर वर्षभराने कोकणातल्याच एका महाविद्यालयाने मला खेकड्यांच्या शेतीवर बोलायला ऑनलाइन बोलावलं. श्रोत्यांत श्रीलंकेचे दोघे होते. कार्यालयाने आयोजक शिक्षिकेकडे त्या मागे घेतलेल्या पत्रकाप्रमाणे मंजुरी मागितली. ती बिचारी महिनाभर मंजुरी कुणाकडे मागायची हेच शोधत होती, कारण देणारं कुणी उरलंच नव्हतं. शेवटी श्रीलंकेच्या दोघांना वगळून कार्यक्रम झाला. देशाच्या सुरक्षेला खेकड्यांपासून कोणता धोका होता, हे मी अजून शोधतो आहे.

म्हणून तुम्हाला आणि तुमच्यासारख्या मार्गदर्शकांना एक कामाची सूचना. ज्याला परवानगी लागत नाही त्याची परवानगी मागू नका. ज्या कार्यालयाला ती द्यायचा अधिकारच नाही ते 'नाही' म्हणतं, किंवा वर पाठवतो म्हणतं आणि फाइल झोपते. तिथे माहिती द्या. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, 'आपल्या माहितीसाठी' असं लिहून. जिथे परवानगी खरोखर लागते, तिथे मात्र माहिती देऊन भागणार नाही. मालवणच्या सागरी अभयारण्यात काम असेल तर वनखात्याची परवानगी हवी. ड्रोन पिवळ्या किंवा लाल क्षेत्रात जात असेल तर त्याची वेगळी.

पत्रात काय हवं तेही सांगतो. कामाच्या तारखा आणि वेळा, त्या ओहोटीप्रमाणे बदलतील हे लिहून. खाडीचा हाताने काढलेला साधा नकाशा, त्यावर होडी कुठून कुठे जाणार त्या रेघा. ड्रोनचा नोंदणी क्रमांक. होडीचं नाव, नोंदणी क्रमांक, तांडेलाचं नाव. चमूतल्या प्रत्येकाचं नाव, वर्ग आणि काम. तुमचा मोबाइल नंबर, महाविद्यालयाचा नव्हे. हे पत्र सागरी पोलीस ठाण्याला, प्रत पोलीस अधीक्षक कार्यालयाला, तटरक्षक दलाला, बंदर विभागाला, ग्रामपंचायतीला आणि मच्छीमार सोसायटीला. पंधरा दिवस आधी द्या आणि प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांकासह. पोच घेतलेली प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मुलीच्या पाठपिशवीत कायम ठेवायची, खारं पाणी कागदाला सोडत नाही. सोसायटीच्या फळ्यावर एक कागद लावलात तर निम्मे फोन ठाण्याला जाणारच नाहीत, कारण 'ती कॉलेजची पोरगी गाळ मोजते' हे गावात सगळ्यांना कळेल.

तारखा ठरवताना 'सागर कवच'चे दिवस टाळा, प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन, मोठ्या पाहुण्यांचे दौरे टाळा. पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी ९६ तासांपर्यंत एखादं क्षेत्र तात्पुरतं लाल ठरवू शकतो, तेव्हा आदल्या संध्याकाळी ठाण्यात एक फोन करायचा. जिल्हाधिकाऱ्यांचा ड्रोनबंदीचा आदेश निघाला असेल तर तोही तेव्हाच कळेल. ड्रोनचे व्हिडिओ रील बनवून टाकायचे नाहीत, जेट्टी, दीपगृह किंवा गस्ती बोट फ्रेममध्ये आली तर आधीच कापायची. किनाऱ्यावर कुणी अडवलं तर वाद घालायचा नाही, पत्र दाखवायचं, तुम्हाला फोन करायचा. मोबाइल मागितला तर कोणत्या कायद्याखाली, हे आवाज न चढवता विचारता येतं. आणि ठाण्यावर नेलंच, तर अर्ध्या तासात तुम्ही तिथे हवेत.

आलो त्या ओळीवर. तुम्ही विचारलंत, माझं चुकलं का? विषय बदलायला सांगितलंत त्यात मला फारशी चूक दिसत नाही. घाबरलेला माणूस असं सांगतो, आणि मुलगी अजून विषय सोडून गेलेली नाही. चुकलं ते त्या दुपारी. तीन मुलं ठाण्यात बसली होती आणि त्यांचा मार्गदर्शक झेरॉक्स काढून शिपायाला पाठवत होता. पोलिसांसमोर शिपाई काय सांगणार? तुम्ही जाऊन बाकावर बसला असतात आणि 'हे माझे विद्यार्थी, हा माझा विषय, हा गाळ कशाला मोजायचा ते मी सांगतो' म्हटलं असतंत तर तिघे एकत्र बाहेर आले असते, असा माझा अंदाज आहे. ठाणेदारालाही सांगण्यासारखं होतं तुमच्याकडे. ज्या गाळात मच्छीमाराची होडी रुतते त्याच गाळात त्यांची गस्ती बोट रुतते. मुलीचा नकाशा त्यांच्याही कामाचा आहे, आणि तो त्यांना द्यायला कुठलंही धोरण आड येत नाही.

ती तुमच्याशी कामापुरतं बोलते यात मला आश्चर्य वाटत नाही. तिला विषयाची भीती नाही, तसं असतं तर तिने तो स्वतःच सोडला असता. पुढच्या वेळी ठाण्यात कोण येणार, हे तिला माहीत नाही. तिच्याशी 'चर्चा' करू नका, समजावू नका. 'त्या दिवशी मी यायला हवं होतं' एवढं सांगा आणि वरचं पत्र तिच्यासमोर लिहायला घ्या.

आणि तो मुलगा. तुमच्या सबंध पत्रात त्याच्यावर मोजकीच वाक्यं आहेत. तिघांनी एकच काम केलं, त्याला पाच तास जास्त बसावं लागलं. तुम्ही त्याच्या घरी गेलात का? गेला नसाल तर जा. आईवडिलांसमोर बसून चहा प्या. हा प्रश्न फक्त आपल्या किनाऱ्यावरचा नाही. अमेरिकेत २०१८ साली चिनी हेरगिरी रोखायची म्हणून एक मोहीम सुरू झाली. एमआयटीतले प्राध्यापक गँग चेन यांना जानेवारी २०२१ मध्ये अटक झाली, चीनशी असलेले संबंध लपवल्याचा आरोप होता. वर्षभराने सरकारने आरोप मागे घेतले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ती मोहीमच बंद केली. चिनी वंशाच्या शास्त्रज्ञांच्या मनात बसलेली भीती मात्र मोहिमेबरोबर बंद झाली नाही. नाव बघून संशय घेतला की खरा हेर शेजारून निघून जातो आणि कामाचा माणूस दूर होतो. तुमच्याकडे तर हा मुलगा होडी वळवतो, पाण्याचा रंग बघून बूड सांगतो. तो गेला तर तुमच्या मुलीचं सर्वेक्षण उभंच राहणार नाही.

तो आता येणार नाही म्हणतो, असं तुम्ही लिहिलंय. त्याला आग्रह करू नका, पण रिकाम्या हातानेही जाऊ नका. आतापर्यंत तो 'मदतीला आलेला मित्र' होता, प्रकल्पाच्या कुठल्या कागदावर त्याचं नाव नव्हतं, म्हणून ठाण्यात त्याला स्वतःचं काम काय ते दाखवता आलं नाही. आता त्याचं प्रकल्पाचं ओळखपत्र करा, महाविद्यालयाचा शिक्का, तुमची सही, त्याचा फोटो, खाली 'क्षेत्र सहायक, खाडी सर्वेक्षण'. दिवसाचं मानधन ठरवा आणि ते प्रकल्पाच्या खर्चात दाखवा. ठाण्याला द्यायच्या पत्रात त्याचं नाव चमूच्या यादीत तांडेलाच्या लगेच खाली घाला. पत्र द्यायला जाताना शिपायाला पाठवू नका. मुलीला आणि त्याला बरोबर घेऊन तुम्हीच जा, आणि ठाणेदाराला दोघांची ओळख करून द्या.